कोळंबी भावाला, दूध मला

आमच्या लालबागच्या घरात ‘बाधलं’ हा एकच शब्द दोन अगदी निराळ्या गोष्टींना चालायचा. कोजागिरीला गच्चीवर दोन पेले मसाला दूध प्यायले की रात्रभर माझं पोट ढोलकीसारखं व्हायचं. म्हणजे दूध बाधलं. धाकट्या भावाने कोळंबीचा घास घेतला की पंधरा मिनिटांत ओठ सुजायचे आणि अंगावर पित्त उठायचं. तेही बाधलंच. आई दोघांनाही आमसुलाचं पाणी द्यायची. माझं पोट तसंही उतरलंच असतं. भावाचं मात्र नशीब बलवत्तर!

माझ्या आतड्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर कमी आहे. म्हणून सगळा खेळ प्रमाणाचा. चहातलं दूध चालतं, दही-ताक बऱ्यापैकी सोसतं, तुपाने तर काहीच होत नाही. भावाची मात्र ॲलर्जी. त्याच्या शरीराची प्रतिकारशक्तीच कोळंबीतल्या प्रथिनावर तुटून पडते, तिथे ‘चमचाभर खा रे, काही होत नाही’ हे चालत नाही. दुधाचीही अशी खरी ॲलर्जी असते, विशेषतः लहान मुलांना. त्यांना माझं दही-ताकाचं गणित लावू नका.

तुमचं काय आहे हे कळायला आधी वही धरा. मी कालनिर्णयवर, दुधाचा हिशोब लिहिते त्याच चौकोनात लिहायचे: काय खाल्लं, किती, किती वाजता, त्रास किती वेळाने आणि कुठे. दोन-तीन आठवडे पुरतात. डॉक्टरांना त्या नोंदी दाखवल्या तर ते नेमकी तपासणी सांगतात. लॅक्टोजसाठी श्वासातल्या हायड्रोजनची, ॲलर्जीसाठी त्वचेवर टोचून किंवा रक्तातल्या आयजीई या ॲलर्जीच्या प्रतिपिंडाची. आयजीजी नावाचं दुसरंच प्रतिपिंड मोजून शंभर पदार्थांची यादी देणाऱ्या महागड्या पॅकेजच्या नादी लागू नका. मी लागले होते. त्यात गहू, अंडं, टोमॅटो सगळंच लाल आलं. आयजीजी एवढंच सांगतं की तुम्ही तो पदार्थ खाता. आणि ॲलर्जीचा संशय असेल तर ‘खाऊन बघू’ हा प्रयोग घरी नाही म्हणजे नाही.

अंगावरच्या पित्तासोबत उलटी, घोगरा आवाज, धाप किंवा चक्कर आली तर आमसूलही नको आणि नुसती ॲलर्जीची गोळीही नको. डॉक्टरांनी जवळ ठेवायला ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते लगेच मांडीत टोचायचं, १०८ लावायचा. माणसाला आडवं करायचं, धाप असेल तर बसवायचं, पण चालवत न्यायचं नाही. बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबायचं, कारण त्रास उलटून येऊ शकतो.

आता कोळंबी. ती सोडली म्हणजे सुटलो असं भावाला वाटलं होतं. पण चिंबोरी, शेवंड, करंदी, जवळा हे सगळे तिचेच भाऊबंद. जवळा तर वांग्यात, चटणीत कुठेही लपतो. पापलेट, सुरमई, बोंबील हे मासे, त्यांचं प्रथिन वेगळं, डॉक्टरांनी तपासून ते त्याला मोकळे केले. तिसऱ्यांचं माणसागणिक वेगळं असतं, त्या विचारूनच. सुके बोंबील मात्र आम्ही जवळ्याच्या शेजारच्या पाटीतले घेत नाही. पाकिटावर २०२० च्या लेबल नियमांमुळे कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जीव, दूध, अंडं, मासे, शेंगदाणा, सुका मेवा, सोया, ग्लुटेनची धान्यं यांचा उल्लेख करावा लागतो, तो वाचायचा. सुट्या मालावर कुठलं लेबल? तिथे तोंड उघडावं लागतं.

खानावळीत ‘कोळंबी आहे का यात?’ असं विचारायचं नाही, उत्तर ‘नाही’च येतं. ‘सुरमई कोळंबीच्याच तेलात तळता का?’ असं विचारायचं. परवा दादरला वाढणाऱ्या मावशींनी हे ऐकून भावाकडे पाहिलं, आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘तू वरण-भात खा बाबा.’

खाल्ला.