दुर्गम नदीपात्राचा कंटूर नकाशा: भामरागडच्या संगमावर काम कसं करावं

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. पुराचं पाणी कुठवर चढेल हे सांगणारा कंटूर नकाशा, म्हणजे समान उंचीच्या रेषांचा नकाशा, हवा असेल, तर सगळा भर उंचीवर द्या. उपग्रहाच्या ३० मीटरच्या मोफत डेटात झाडांचे शेंडे आणि जमीन वेगळी कळत नाही.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. पाणी उतरलेलं असतं, सागाची पानं गळलेली असतात. ड्रोनची परवानगी त्याच्या बरंच आधी.

जीपीएसची दुरुस्ती मोबाइलवरून घ्यायला रेंज मिळेल असं धरून चालू नका, स्वतःचा बेस (एका जागी स्थिर ठेवलेला जीपीएस) लावा. पूररेषेच्या वर, आभाळ मोकळं दिसणाऱ्या कातळात भोक पाडून बोल्ट बसवा आणि त्यावर निदान ६ तास निरीक्षण घ्या. अँटेनाची उंची तिरकी मोजली की उभी, हे वहीत लिहाच. पुढचे निम्मे घोळ इथेच होतात. नकाशाच्या निर्देशांकांसाठी यूटीएम पद्धतीतला (पृथ्वीचे उभे पट्टे पाडणारी पद्धत) झोन ४४ उत्तर निवडा. पश्चिम महाराष्ट्रात काम केलेला माणूस सवयीने ४३ लावतो. जीपीएसची उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. दोन्हींत इथे ५० मीटरांहून जास्त फरक पडतो, म्हणून ईजीएम २००८ या समुद्रसपाटीच्या जागतिक मॉडेलची दुरुस्ती सगळ्यांनी सारखीच लावा.

ड्रोन १०० मीटरवरून, फोटो एकमेकांवर पुढे ८० आणि बाजूला ७० टक्के येतील असा ओव्हरलॅप ठेवून उडवा. उड्डाणाच्या ओळी नदीला आडव्या घ्या: नुसतं पाणी असलेले फोटो जुळत नाहीत, प्रत्येक फोटोत थोडा तरी काठ हवा. कंट्रोल पॉइंट (जमिनीवर खूण करून जीपीएसने मोजलेले बिंदू) दोन्ही काठांवर हवेत. एकाच काठावर असले तर मॉडेल समोरच्या बाजूला कलतं.

पाण्याखालचं ड्रोनला दिसत नाही, तिथे पात्रात उतरावंच लागतं. दर ५० मीटरवर आडवा छेद घ्या, वळणावर आणि संगमावर त्याहून जवळ. काठाचा माथा, पायथा, पाण्याची कड आणि सर्वांत खोल जागा, हे बिंदू चुकवू नका. जीपीएसच्या काठीच्या टोकाला सपाट चकती लावा, नाहीतर ती वाळूत रुतते आणि तळ खोल दाखवते. डोहात नावेवरून इको साउंडर (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र). पाण्याची पातळी रोज वेळेसह नोंदवा.

मोजलेले काही बिंदू मॉडेलच्या हिशेबाबाहेर ठेवून त्यांच्याशी उंचीतली चूक तपासा. ती १५ सेंमी निघाली तर ५० सेंमीपेक्षा बारीक कंटूर काढू नका. शेवटी एकाच दिवशी मोजलेल्या पाण्याच्या कडेच्या उंचीचा नदीच्या लांबीने छेद काढा. प्रवाहाच्या दिशेने पाणी चढताना दिसलं, तर त्या टप्प्याचे कंट्रोल पॉइंट पुन्हा मोजा.