नोकरीत असतानाच फौज बदलायची? आर्मी, नेव्ही, एअरफोर्समधल्या आपल्या पोरांसाठी

सुट्टीवर आलेली पोरं भेटली की प्रश्न ठरलेला, काका आर्मीतून एअरफोर्सला बदली मिळती का, नाहीतर नेव्हीतलं पोरगं विचारतंय की मला जहाज नको आर्मीत येता येतं का. आपल्याकडं बीड, लातूर, परभणीचं पोरगं मैदान मारून जी भरती आधी लागली ती धरतंय, आर्मी का नेव्ही हा विचार करायला सवड कुणाला, घरात सोयाबीनच्या भावाचंच चालू असतंय. दोन-तीन वर्षं झाली की मंग डोकं चालायला लागतं की अरे आपल्याला दुसरीकडं जायचं होतं.

मी फौजेत क्लर्कच होतो, त्यामुळं कागद कुठं अडकतो ते चांगलं माहितीय, तेवढ्यावरून सांगतो.

पहिली गोष्ट, जवानाची एका फौजेतून दुसऱ्या फौजेत बदली असा प्रकार नाहीच. एसटीत एका आगारातून दुसऱ्या आगारात बदली होती तसं इथं होत नाही, तिन्ही फौजांचे कायदे वेगळे, रेकॉर्ड ऑफिस वेगळी, ट्रेड वेगळे, सिनिऑरिटी वेगळी. एअरफोर्समध्ये एअरमन व्हायचं असंल तर आधी आर्मीतून डिस्चार्ज घ्यायचा आणि मंग बाहेरच्या पोरांसोबत नव्यानं भरती द्यायची, तोवर वय निघून गेलेलं असतंय आणि जमलं तरी झालेली सर्व्हिस सोडून परत शून्यावर. माझ्या मते हा सौदा तोट्याचाय, याच्यात पडू नको.

फौज बदलायचा खरा रस्ता ऑफिसर होण्यातून जातो, आणि त्यातला सगळ्यात भारी म्हणजे एसीसी, आर्मी कॅडेट कॉलेज. लई जणांना वाटतं हे फक्त आर्मीच्या जवानासाठीच आहे. तसं नाही, नेव्हीचा सेलर आणि एअरफोर्सचा एअरमन पण एसीसी देऊ शकतो आणि पास झाला की निघतो तो आर्मीचा ऑफिसर होऊन. म्हणजे नोकरी न सोडता फौज पण बदलली आणि खांद्यावर स्टार पण लागले. पूर्वी हे कॉलेज आपल्या पुण्यात होतं, १९७७ ला डेहराडूनला गेलं आणि आता आयएमएचाच, म्हणजे आर्मीचे ऑफिसर घडवणाऱ्या इंडियन मिलिटरी ॲकॅडमीचाच भाग आहे. वय २० ते २७, बारावी पास आणि किमान २ वर्षं सर्व्हिस पाहिजे. लेखी परीक्षेत इंग्रजी, रिझनिंग, जनरल नॉलेज, गणित असं येतं, त्यानंतर एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडायच्या चाचण्या आणि मुलाखत, आणि मेडिकल. तिथं ३ वर्षं शिकायचं, जेएनयूची डिग्री मिळती, मंग १ वर्ष आयएमए. एसीसीत असताना जवानाचा पगार चालू राहतो, घरी पैसे पाठवायचे बंद होत नाहीत, आणि ट्रेनिंगमध्ये नाहीच जमलं तर युनिटला परत यायचं, घरी बसायची वेळ येत नाही. आपल्यासारख्याच्या घराला ही गोष्ट लई मोठी आहे.

आता उलटं, आर्मीतून नेव्ही किंवा एअरफोर्सला जायचं असंल तर एसीसीचा उपयोग नाही. तिथं यूपीएससीची सीडीएस, म्हणजे तिन्ही फौजांच्या ऑफिसर भरतीची परीक्षा द्यायची, वर्षातून दोनदा असती, आणि त्याला डिग्री लागती. नेव्हीच्या ॲकॅडमीला इंजिनिअरिंगची डिग्री मागतात, एअरफोर्स ॲकॅडमीला कुठलीबी डिग्री चालती पण बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स पाहिजे. आर्ट्सवाल्या पोरांनी इथंच थांबून विचार करावा, तुमच्यासाठी एअरफोर्सची स्वतःची ऑफिसर भरतीची परीक्षा, एएफकॅट, बरी पडंल, तिच्यात ग्राउंड ड्यूटीच्या काही ब्रँचला ६० टक्क्यांची साधी डिग्री चालती आणि वय २० ते २६. फ्लाइंगला मात्र २४ च्या आतच. डिग्री नसंल तर इग्नू किंवा नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी करत करत होती, लई पोरं करायलेत. फक्त हे आज सुरू केलं तर तीन वर्षांनी हातात पडणार, तेव्हा वय किती होतंय ते बोटावर मोजून बघ आधी.

अजून एक भानगड लग्नाची. सीडीएसमधून आयएमए किंवा नेव्हीला जायला अविवाहित असावं लागतं. आणि आपल्याकडं पोरगं ट्रेनिंग करून आलं की पुढच्या सुट्टीत पोरी बघायचा कार्यक्रम ठेवलेला असतोय, मामा वेगळाच फोटो घेऊन बसलेला. घरच्यांना आधी नीट सांग की दोन वर्षं थांबा, नाहीतर हळद लागली की हा रस्ता बंद.

आता कागदाचं, कारण पोरं अभ्यासापेक्षा इथंच जास्त अडकतात. तू बारावी झालास, डिग्री झाली, ते मार्कमेमो पेटीत ठेवून काय उपयोग नाही, तुझ्या रेकॉर्डला ते चढलं पाहिजे. त्यासाठी त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डला नोंद करायचा युनिटचा लेखी आदेश, निघावी लागती. ऑर्डर निघाली नसंल तर फौजेच्या हिशोबात तू अजून दहावीच आहेस, आणि एसीसीचा फॉर्म भरताना हेड क्लर्क पहिलं तेच बघणार. म्हणून आजच कंपनीच्या क्लर्ककडं जा, चहा पाज, आणि तुझ्या शीट रोलला, म्हणजे नोकरीच्या नोंदीच्या कागदाला, शिक्षण काय लिहिलंय, जन्मतारीख काय आहे, वडलाचं नाव कसं लिहिलंय ते डोळ्यानं बघ. आपल्याकडं दहावीच्या सनदेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं आणि शीट रोलवर तिसरंच, असं दर चौथ्या पोराचं असतंय. हे दुरुस्त करायला महिने जातात, फॉर्म निघाल्यावर पळापळ करून काहीच होत नाही.

अर्ज खालून वर जातो. आधी प्लाटूनचे जेसीओ साहेब, मंग कंपनी कमांडर, मंग सीओ साहेबांचा, म्हणजे युनिटच्या प्रमुखाचा इंटरव्ह्यू. मधल्याला सोडून थेट वर गेलास तर काम होण्याऐवजी डोळ्यावर येशील. रेकॉर्डला रेड इंक एंट्री, म्हणजे शिक्षेची लाल शाईची नोंद असंल तर शिफारस मिळणं अवघड, त्यामुळं सुट्टीवरून एक दिवस उशिरा गेलं तर काय होतंय असं म्हणणाऱ्या दोस्ताचं ऐकू नको. सीडीएसचा फॉर्म ऑनलाइन तू स्वतःच भरायचा, पण नोकरीत आहेस हे लपवायचं नाही, युनिटला लेखी कळवायचं आणि त्या अर्जाची पोच घेऊन ठेवायची. कारण युनिटनं यूपीएससीला परवानगी नाही असं कळवलं तर उमेदवारी रद्द होऊ शकती. पोच म्हणजे पोच, साहेब तोंडी हो म्हणले होते हे कुठंच चालत नाही.

एसएसबी पाच दिवसांची असती. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगला बरीच पोरं माघारी येतात, लाजायचं कारण नाही. जवानाला मैदानावरच्या ग्रुप टास्कचं टेन्शन नसतंय, अडकतं ते बोलण्यात आणि गोष्ट लिहिण्यात. फळ्यावर एक शब्द दिसतो आणि पंधरा सेकंदात वाक्य लिहायचं, असे ६० शब्द. रोज इंग्रजी पेपर मोठ्यानं वाच, बराकीत पोरं हसतील, हसू दे.

२७ उलटले असतील तर आर्मीतच एससीओ, म्हणजे स्पेशल कमिशन्ड ऑफिसरची एंट्री असती, २८ ते ३५ वयाच्या जवानांसाठी. नेव्ही आणि एअरफोर्समध्ये पण आपापल्या माणसांना आतून कमिशन द्यायची सोय आहे. यात फौज तीच राहती, पण आयुष्य बदलतं.

आणि खरं सांगू का, निम्म्या पोरांना फौज बदलायचीच नसती, कंटाळा आलेला असतोय तो पोस्टिंगचा नाहीतर ट्रेडचा. त्याला आतच इलाज आहेत. दम असंल तर पॅराला, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटला व्हॉलंटियर कर, कुठल्याबी रेजिमेंटचा जवान जाऊ शकतो, प्रोबेशन पार केलं की मरून रंगाची टोपी मिळती. एनएसजी, राष्ट्रीय रायफल्स, एनसीसी इथं काही वर्षांसाठी जाता येतं, एनसीसीचं ग्रुप हेडक्वार्टर तर छत्रपती संभाजीनगरलाच आहे, घराजवळ राहायला मिळालं तर सोनंच. दुखापतीमुळं मेडिकल कॅटेगरी खाली आली असंल तर ट्रेड बदलायचा अर्ज करता येतो, म्हणजे रीमस्टरिंग, त्याला जागा आणि पात्रता दोन्ही लागतात.

अग्निवीरांनी एक ध्यानात ठेवा, ४ वर्षं पुरी व्हायच्या आधी स्वतःच्या मर्जीनं सोडता येत नाही, फार अपवाद असंल तरच. आणि पळून यायचा विचार तर कुणीच करू नका. विनापरवानगी गैरहजर राहिलं तर आर्मी ॲक्टच्या कलम ३९ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, भगोडा ठरलास तर कलम ३८ खाली ७ वर्षांपर्यंत, ॲक्टिव्ह सर्व्हिसवर असताना तर त्याहून वाईट. दुसऱ्या भरतीला उभं राहिलास तरी व्हेरिफिकेशनमध्ये सापडणारच.

तालुक्याच्या ठिकाणी चहाच्या टपरीवर एखादा भेटतो, माझी दिल्लीत ओळख आहे दोन लाखात बदली करून देतो म्हणणारा. जी बदली कायद्यात नाही ती तो कुठून आणणार.

तर या सुट्टीत एवढं करून जा. बारावीच्या सनदेची अडचण असंल, डुप्लिकेट पाहिजे असंल किंवा नावात चूक असंल, तर बोर्डाच्या विभागीय ऑफिसला जावं लागतं. लातूर, नांदेड, धाराशिववाल्यांनी लातूरला, आणि बीड, जालना, परभणी, हिंगोलीवाल्यांनी संभाजीनगरला. शाळेच्या हेडमास्तरचं पत्र सोबत न्या, त्याच्याशिवाय खिडकीवरचा माणूस माघारी पाठवतोय, आणि शनिवारी जाऊ नका.