मार्कअपमधून अ‍ॅट्रिब्यूटची व्हॅल्यू कशी काढावी

एचटीएमएलचा (वेब पानं ज्या टॅगांच्या भाषेत, म्हणजे मार्कअपमध्ये, लिहितात तिचा) लांबलचक मजकूर समोर आहे आणि त्यातल्या प्रत्येक लिंकचा पत्ता किंवा प्रत्येक चित्राची फाइल हवी आहे. अशा वेळी सर्वांत आधी सुचतं ते असं: ‘एचरेफ="’ (लिंकचा पत्ता सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे टॅगमध्ये लिहिलेली नाव-व्हॅल्यूची जोडी) एवढा तुकडा शोधायचा आणि पुढचं दुहेरी अवतरणचिन्ह येईपर्यंतचं सगळं उचलायचं. नमुन्याच्या चार ओळींवर हे चोख चालतं. पान दुसऱ्या कोणी लिहिलेलं असलं की मात्र काही लिंका गळतात, काही अर्ध्याच हाती लागतात, आणि काही अशाही येतात ज्या पानावर मुळात दिसतच नाहीत. कोड कुठे अडखळत नाही, यादी व्यवस्थित तयार होते. ती चुकीची आहे हे फार उशिरा कळतं.

म्हणून आग्रहाने सांगतो, मजकूर स्वतः कापत बसू नका. तो पार्सरला, म्हणजे मार्कअपचे नियम ओळखून त्याची रचना समजणाऱ्या प्रोग्रामला, वाचू द्या आणि मग पार्सरला नेमका प्रश्न विचारा. तो प्रश्न कसा विचारायचा, ते पुढे पायरीपायरीने मांडलं आहे. कोडमधली नावंही इथे देवनागरीत आहेत. एडिटरमध्ये ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करायची.

पायरी १: व्हॅल्यू किती रूपांत लिहिली जाते ते समजून घ्या

हा टॅग पाहा:

<आयएमजी एसआरसी="फोटो-१.जेपीजी" ऑल्ट='उघडं पुस्तक' लोडिंग=लेझी हिडन>

चारही अ‍ॅट्रिब्यूट वेगवेगळ्या पद्धतीने लिहिली आहेत आणि चारही पद्धती एचटीएमएलच्या नियमांत बसतात. पहिल्याला दुहेरी अवतरण आहे, दुसऱ्याला एकेरी, तिसऱ्याला काहीच नाही आणि चौथ्याला तर बरोबरचं चिन्हही नाही. त्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा चालते, एक टॅग पाच ओळींत पसरलेला चालतो, नाव कॅपिटल अक्षरांत लिहिलेलंही चालतं.

इथवरचं सगळं एखाद्या चिवट रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातला ठरावीक नमुना शोधण्याच्या सूत्रात) बसवता येईल. अडचण त्यापुढे आहे. ‘एसआरसी=’ शोधणारं एक्स्प्रेशन ‘डेटा-एसआरसी=’ मध्येही अडकतं, आणि चित्रं उशिरा लोड करणाऱ्या पानांवर ही दोन्ही अ‍ॅट्रिब्यूट एकाच टॅगमध्ये असतात. शब्दाची सीमा दाखवणारी खूण लावली तरी उपयोग होत नाही, कारण हायफन हा शब्दाचा भाग धरला जात नाही. त्याच्यानंतर नवा शब्द सुरू झाला असंच मानलं जातं. अवतरणांच्या आत ‘>’ हे चिन्ह असू शकतं, उदाहरणार्थ टायटल="५ > ३", म्हणजे ‘>’ दिसला की टॅग संपला हे गृहीतकही कोसळतं. कॉमेंटमध्ये झाकून ठेवलेला जुना टॅग आणि स्क्रिप्टच्या आत स्ट्रिंग म्हणून लिहिलेला टॅग, दोन्ही एक्स्प्रेशनला खरेच वाटतात.

शिवाय व्हॅल्यू जशी लिहिली आहे तशीच असते असंही नाही. मजकुरात ‘/शोध?विषय=कथा&एएमपी;पान=२’ असेल तर खरी व्हॅल्यू ‘/शोध?विषय=कथा&पान=२’ ही आहे. अँपरसँडचा हा संकेत उलगडणं पार्सरचं काम आहे. त्याचे बारकावे हाताने सांभाळण्यासारखे नाहीत: अर्धविराम न लिहिलेला ‘&कॉपी’ साध्या मजकुरात आला तर त्याचं कॉपीराइटचं चिन्ह होतं, पण तोच अ‍ॅट्रिब्यूटच्या आत आला आणि लगेच पुढे बरोबरचं चिन्ह असलं तर तो जसाच्या तसा राहतो. जुन्या पानांतले पत्ते मोडू नयेत म्हणून हा नियम ठेवलेला आहे.

पायरी २: मजकूर पार्सरच्या हवाली करा

ब्राउझरमध्ये काम असेल तर डॉमपार्सर आधीपासून हजर असतो, वेगळं काही बसवावं लागत नाही:

कॉन्स्ट डॉक = न्यू डॉमपार्सर().पार्सफ्रॉमस्ट्रिंग(मजकूर, 'टेक्स्ट/एचटीएमएल');

यातून एक स्वतंत्र डॉक्युमेंट मिळतं. त्यातल्या स्क्रिप्ट चालत नाहीत आणि चित्रंही डाउनलोड होत नाहीत. बरेच जण याऐवजी चालू पानातच एक रिकामा डिव्ह तयार करतात आणि त्याच्या इनरएचटीएमएलमध्ये मजकूर ओततात. तो डिव्ह पानाला जोडलेला नाही म्हणजे धोका नाही, असा समज असतो. तो खरा नाही. आत चित्राचा टॅग असेल तर ब्राउझर ते चित्र लगेच आणायला जातो, आणि त्या टॅगवर ‘ऑनएरर’ (चित्र आलं नाही तर चालवायचा कोड) लिहिलेलं असेल तर त्यातला कोड तुमच्या पानाच्या अधिकारात चालतो. मजकूर बाहेरून आलेला असेल तर हा रस्ता वर्ज्य समजा.

डॉमपार्सर वापरताना एक गोष्ट लक्षात असू द्या. हातात पूर्ण पान नसून फक्त टेबलाच्या ओळी असतील, म्हणजे मजकूर थेट ‘टीआर’ने सुरू होत असेल, तर टेबलाबाहेर आलेले ते टॅग पार्सर नियमाप्रमाणे टाकून देतो आणि आतला मजकूर व एलिमेंट (टॅगने बनलेले घटक) तेवढी उरतात. ‘टीडी’वरचं, म्हणजे टेबलाच्या कप्प्यावरचं, अ‍ॅट्रिब्यूट शोधत असाल तर काहीच सापडणार नाही. अशा तुकड्यांसाठी ‘टेम्प्लेट’ एलिमेंट तयार करून त्याच्या इनरएचटीएमएलमध्ये मजकूर द्या आणि ‘कंटेंट’मधून वाचा. तिथे ओळी शाबूत राहतात आणि टेम्प्लेटमधला मजकूर निष्क्रियही असतो.

पायरी ३: हवं ते एलिमेंट नेमकं निवडा

इथे सीएसएसचे सिलेक्टर (एलिमेंट निवडण्याच्या अटी) कामी येतात. क्वेरीसिलेक्टरऑल('ए[एचरेफ]') म्हटलं की ज्या अँकर टॅगवर एचरेफ आहे तेवढेच मिळतात. चौकटी कंसात अटी घालता येतात: ‘^=’ म्हणजे व्हॅल्यू अशी सुरू होते, ‘$=’ म्हणजे अशी संपते, ‘*=’ म्हणजे मध्ये कुठेतरी हे आहे. कंस बंद होण्याआधी मोकळी जागा सोडून ‘आय’ लिहिलं की लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जात नाही. फाइलच्या एक्स्टेन्शनवरून शोधताना याची गरज हमखास पडते.

एक मर्यादा आहे: सिलेक्टर लिहिलेल्या व्हॅल्यूशी तुलना करतो. ‘^=’ लावून पूर्ण पत्त्याच्या लिंका शोधल्या तर ‘/संपर्क’ अशा सापेक्ष, म्हणजे डोमेन न लिहिलेल्या, लिंका त्यात येणार नाहीत.

पायरी ४: व्हॅल्यू वाचताना अ‍ॅट्रिब्यूट हवं की प्रॉपर्टी, ते ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून पाहू. एकाच लिंककडून दोन उत्तरं मिळतात. लिंक.गेटअ‍ॅट्रिब्यूट('एचरेफ') मागितलं तर मार्कअपमध्ये लिहिलेलं ‘/संपर्क’ मिळतं. लिंक.एचरेफ ही प्रॉपर्टी मागितली तर ब्राउझर तोच पत्ता डोमेनसकट पूर्ण करून देतो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. तुम्हाला काय हवं होतं त्यावर सगळं अवलंबून.

डॉमपार्सरच्या बाबतीत यात एक सापळा आहे. त्या डॉक्युमेंटचा मूळ पत्ता म्हणून तुमच्याच पानाचा पत्ता धरला जातो. दुसऱ्या साइटचा मजकूर आणून त्यातल्या लिंकची एचरेफ प्रॉपर्टी वाचली, तर सापेक्ष लिंका तुमच्या डोमेनला चिकटून येतात आणि दिसायला अगदी खऱ्या दिसतात. म्हणून परक्या मजकुरासाठी गेटअ‍ॅट्रिब्यूटच वापरा आणि पूर्ण पत्ता स्वतः बनवा: न्यू यूआरएल(व्हॅल्यू, मूळपत्ता). पत्ता अवैध असला तर हे एरर फेकतं, तेव्हा ट्राय-कॅच लावा. त्या पानात ‘बेस’ टॅग असेल तर मूळ पत्ता त्याच्या एचरेफवरून ठरतो, तेही आधी तपासा. आणि या लिंका पुढे वापरकर्त्याला दाखवणार असाल तर तयार झालेल्या यूआरएलचा प्रोटोकॉल बघा: ‘एचटीटीपी’ आणि ‘एचटीटीपीएस’ एवढेच आत घ्या, ‘जावास्क्रिप्ट:’ने सुरू होणाऱ्या लिंका बाहेर ठेवा.

फॉर्मच्या बाबतीत फरक आणखी ठळक आहे. इनपुटच्या व्हॅल्यू अ‍ॅट्रिब्यूटमध्ये सुरुवातीचा मजकूर असतो, व्हॅल्यू प्रॉपर्टीमध्ये वापरकर्त्याने आत्ता जे टाइप केलं आहे ते. चेकबॉक्सचं ‘चेक्ड’ अ‍ॅट्रिब्यूट तर फक्त असण्या-नसण्याला महत्त्व देतं: चेक्ड="फॉल्स" लिहिलं तरी खूण झालेलीच असते. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीने २०११ मध्ये आवृत्ती १.६ पासून ‘अ‍ॅटर’ आणि ‘प्रॉप’ अशा दोन वेगळ्या पद्धती दिल्या, त्यामागे हाच फरक होता.

पायरी ५: नसलेली व्हॅल्यू आणि रिकामी व्हॅल्यू एक धरू नका

अ‍ॅट्रिब्यूट नसेल तर गेटअ‍ॅट्रिब्यूट ‘नल’ देतं. असून रिकामं असेल तर रिकामी स्ट्रिंग. चित्रांच्या ऑल्ट मजकुराची तपासणी करताना या फरकावरच सगळं उभं असतं. ऑल्ट="" म्हणजे हे चित्र निव्वळ सजावटीचं आहे, स्क्रीन रीडरने ते सोडून द्यावं, असं लेखकाने जाणीवपूर्वक सांगितलं आहे. ऑल्टच नसणं हा मात्र दोष आहे. ‘इफ (व्हॅल्यू)’ एवढीच अट लिहिली तर दोन्ही एकाच टोपलीत पडतात आणि दृष्टिहीन वाचकांना जिथे खरी अडचण येते ती जागा अहवालात दिसतच नाही. तुलना थेट ‘नल’शी करा किंवा हॅजअ‍ॅट्रिब्यूट वापरा.

पायरी ६: व्हॅल्यूच्या आतली रचना उलगडा

क्लासमध्ये अनेक नावं मोकळ्या जागेने जोडलेली असतात, त्यासाठी क्लासलिस्ट आहे. ‘डेटा-’ने सुरू होणारी अ‍ॅट्रिब्यूट डेटासेटमधून मिळतात, फक्त हायफन गळून पुढचं अक्षर कॅपिटल होतं: डेटा-यूजर-आयडी हे डेटासेटमध्ये यूजरआयडी म्हणून सापडतं. ‘एसआरसीसेट’ची गोष्ट वेगळी. त्यात एकाच चित्राचे अनेक आकार स्वल्पविरामाने लिहिलेले असतात, पण पत्त्याच्या आतही स्वल्पविराम येऊ शकतो आणि ‘डेटा:’ प्रकारच्या पत्त्यात तो असतोच. स्वल्पविरामावर सरळ तुकडे केले तर पत्ते मोडतील. त्यासाठी तयार लायब्ररी घ्यावी.

ब्राउझरबाहेर हेच काम

पायथनमध्ये ब्यूटिफुल सूप ही लायब्ररी घेतली की टॅग.गेट('एचरेफ') नसलेल्या अ‍ॅट्रिब्यूटला ‘नन’ देतं, तर टॅग['एचरेफ'] लिहिलं की की-एरर येते. क्लास मागितला तर स्ट्रिंग न येता लिस्ट येते. याची कल्पना नसली की पुढची तुलना गुपचूप फसते. एकाच टॅगवर एचरेफ दोनदा लिहिलं असेल तर ब्राउझर पहिलं धरतो, पण पायथनच्या अंगभूत एचटीएमएल पार्सरवर चालणारं ब्यूटिफुल सूप मुळात शेवटचं धरतं. ब्राउझरसारखंच उत्तर हवं असेल तर एचटीएमएल५लिब हा पार्सर निवडा. तो हळू चालतो पण एचटीएमएल५च्या नियमांनी वाचतो. सापेक्ष पत्ते पूर्ण करायला यूआरएलजॉइन आहे.

पीएचपीतल्या जुन्या डॉमडॉक्युमेंटकडे देवनागरी मजकूर देताना फार सांभाळा. मजकुरात एन्कोडिंग सांगितलेलं नसेल तर लोडएचटीएमएल तो आयएसओ-८८५९-१ समजून वाचतं आणि टायटल किंवा ऑल्टमधल्या मराठीची अगम्य अक्षरं होतात. शिवाय तिथलं गेटअ‍ॅट्रिब्यूट नसलेल्या अ‍ॅट्रिब्यूटलाही रिकामी स्ट्रिंगच देतं, म्हणून हॅजअ‍ॅट्रिब्यूटला पर्याय नाही. २०२४ मध्ये आलेल्या पीएचपी ८.४ मध्ये एचटीएमएल५च्या नियमांनी वाचणारा नवा डॉम\एचटीएमएलडॉक्युमेंट हा क्लास आहे. शक्य असेल तिथे तोच घ्या. वर्डप्रेसचं प्लगइन लिहीत असाल तर आवृत्ती ६.२ पासून एचटीएमएल टॅग प्रोसेसर सोबतच येतो. नोडवाल्यांना (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्यांना) चीरिओ ही लायब्ररी पुरते.

मजकूर एक्सएमएल असेल तर नियम कडक होतात. अवतरण सक्तीचं, नावातला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक महत्त्वाचा, एकच अ‍ॅट्रिब्यूट दोनदा आलं तर फाइलच अवैध. डॉमपार्सर अशा वेळी एरर फेकत नाही, डॉक्युमेंटमध्ये ‘पार्सरएरर’ नावाचं एलिमेंट ठेवतो. ते आहे का हे आधी पाहा. एचटीएमएल पानात बसवलेल्या एसव्हीजीलाही (वेक्टर चित्राच्या मार्कअपलाही) अक्षरांचा हा फरक लागू होतो: गेटअ‍ॅट्रिब्यूटला नाव देताना ‘व्ह्यूबॉक्स’मधलं बी कॅपिटल लिहिलं नाही तर व्हॅल्यू मिळणार नाही.

रेग्युलर एक्स्प्रेशन पूर्ण वर्ज्य आहे का? नाही. मार्कअप तुमच्याच प्रोग्रामने तयार केलेलं आहे, त्याचा साचा बदलत नाही, किंवा एडिटरमध्ये एकदाच शोधून नजरेने तपासायचं आहे, तर खुशाल वापरा. रोज आपोआप चालणाऱ्या कामात, बाहेरून येणाऱ्या मजकुरावर ते ठेवू नका.

निकाल तपासा

काढलेल्या व्हॅल्यूंची संख्या पानावर दिसणाऱ्या संख्येशी जुळवून पाहा. जुळत नसेल तर इन्स्पेक्ट पॅनेल बंद करून ‘व्ह्यू सोर्स’ उघडा. इन्स्पेक्टमध्ये स्क्रिप्ट चालून गेल्यानंतरचं पान दिसतं, तुमच्या कोडला मिळालेला मजकूर त्याआधीचा असतो. हवं ते अ‍ॅट्रिब्यूट स्क्रिप्टने नंतर घातलं असेल तर ते सोर्समध्ये नसेल आणि कोणताही पार्सर ते देऊ शकणार नाही. मग दोनच मार्ग उरतात: ती माहिती ज्या एपीआयकडून (पानाला माहिती पुरवणाऱ्या सेवेकडून) येते तिथूनच घ्यायची, किंवा पपेटीअर वा प्लेराइटने खरा ब्राउझर चालवून, पान पूर्ण तयार झाल्यावर वाचायची. एपीआय मिळत असेल तर पहिला मार्ग घ्या. तो हलका आहे आणि पानाची मांडणी बदलली म्हणून सहसा मोडत नाही.