मेक्सिकोच्या आंबट निवडुंगाचे पदार्थ, आपल्या बोंडांवर

मेक्सिकोत इदाल्गो, साकातेकास अशा कोरड्या भागात शोकोनोस्तले म्हणून निवडुंगाचं एक आंबट फळ येतं. गोड निवडुंगाचा आतला गर खातात आणि साल टाकतात, याचं उलटं असतंय, बिया सगळ्या मधोमध गोळा झालेल्या, त्या चमच्यानं एकदम निघतात आणि वरची साल सोलली की जी जाड भिंत उरते तीच खायची, आंबटपणा सगळा तिच्यातच. म्हणून तिकडं त्याच्या फोडी रश्श्यात पडतात, चटणीत पडतात, पाकात मुरतात.

ते फळ आपल्या कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटात मिळायचं नाही, पण फड्या निवडुंगाची लालजांभळी बोंडं माळावर, बांधावर फुकट आहेत की! फक्त आपल्या बोंडात भिंत पातळ आणि बिया गरभर, त्यामुळं रसाचं जे काय आहे ते बोंडाचं करायचं आणि फोडींचं कैरीचं, तरच चव जुळते. आणि फड्याच घ्या, तिधारी निवडुंग मोडला की पांढरा चीक येतो, तो विषारी, त्याच्या वाटेला जाऊ नका.

कुसळं काढणं हेच मोठं काम. बोंड हातानं तोडूच नका, चिमट्यानं धरून पिरगळा. घरी गॅसवर चिमट्यानंच फिरवत फिरवत भाजा, कुसळं चरचरून जळतात, मग जाड कापडानं पुसा, धुवा, दोन्ही टोकं कापून उभी चीर द्या आणि साल सोलून टाका. बारीक कुसळं डोळ्याला दिसत नाहीत, जिभेत घुसली तर दिवसभर त्रास, त्यामुळं घाई नको. गर कुस्करून रस फडक्यातून गाळा, मिक्सर लावायचा तर नुसता एक झटका. बिया गिळू नका, जास्त पोटात गेल्या तर पोट घट्ट होतं, लहान पोरांना तर गाळूनच द्या.

सरबत: एक वाटी रस, दोन चमचे किसलेला गूळ, अर्धं लिंबू, मीठ, भाजलेलं जिरं आणि तीन वाट्या गार पाणी. लिंबू पाहिजेच, आपलं बोंड शोकोनोस्तलेएवढं आंबट नसतं. रस उकळत बसू नका, फार तापला की तो सुंदर रंग उतरतो.

खर्डा: तिकडं शोकोनोस्तले तव्यावर भाजून लसूण मिरचीबरोबर दगडी खलात वाटतात, म्हणजे आपला खर्डाच झाला. हिरव्या मिरच्या, लसूण तेलावर परतायचं, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं आणि शेवटी दोन चमचे दाट रस नि लिंबू पिळायचं. भाकरीबरोबर खाऊन बघा.

रस्सा: मेक्सिकोतला मोले दे ओया म्हणजे मांस, मक्याचं कणीस, वाळलेली लाल मिरची आणि शोकोनोस्तलेच्या फोडी घातलेला पातळ रस्सा. मला हा सगळ्यात भारी वाटतो, कारण मांसाच्या तेलकटपणाला ते आंबट बरोबर कापतं. आपण मटणाच्या अळणी रश्श्यात, म्हणजे मटण शिजवलेल्या बिनतिखट पाण्यात, कणसाचे तुकडे शिजवायचे, कांदा लसूण मसाला नेहमीपेक्षा निम्मा घालायचा आणि उतरवायच्या आधी पाच मिनिटं कैरीच्या सोललेल्या फोडी. आधी टाकल्या तर त्यांचा लगदा होतो.

पाकातल्या फोडी: घट्ट कैरीच्या जाड फोडी खायच्या चुन्याच्या निवळीत तीनेक तास ठेवा, त्यानं त्या कडक राहतात. मग चार पाण्यांनी चांगल्या धुवून साखरेच्या पाकात मंद शिजवा, रात्रभर त्यातच राहू द्यात, दुसऱ्या दिवशी पाक परत आटवून फोडी जाळीवर वाळवा, मग लाल तिखट, मीठ, थोडी पिठीसाखर भुरभुरा. तिखट संकेश्वरी मिरचीचं घेतलंत तर उत्तम. कोरड्या बरणीतच भरा, पावसाळ्यात ओल लागली की चिकट होतात.