बाबांचं दाढीचं सामान आणि ४० मिनिटं: पुरुषपणावर पहिला परफॉर्मन्स कसा करायचा

आधी नाटक डोक्यातून काढा. परफॉर्मन्स आर्टमध्ये पाठांतर नाही, पात्र असेलच असंही नाही, तुमचं शरीर, तुमचा वेळ आणि समोर बसलेली माणसं एवढंच भांडवल. आणि विषयापासून तर अजिबात सुरू करू नका, 'पुरुषसत्ता' वगैरे ठरवून बसलात की भाषण होतं.

एक कृती शोधा, जी मुलगा म्हणून शिकलात आणि आता हात आपोआप करतात. बाइकला किक मारणं, बाह्या दुमडणं, बहिणीच्या पाठवणीला रडू गिळून सामान मोजत बसणं, काहीही. आठवडाभर वही जवळ ठेवा, ठाणे-वाशी ट्रेनमध्ये पुरुष कसे उभे राहतात, सीटवर गुडघे किती फाकवतात ते लिहा, मग खाली मान घालून स्वतःचे गुडघे बघा.

माझ्यासाठी ती कृती म्हणजे दाढी. बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत, फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे पाचला मोरीत पिवळ्या बल्बखाली बसायचे, स्टीलच्या वाटीत गरम पाणी, ब्रशने फेस, आणि शेवटी तुरटी. कापलेल्या जागी तुरटी झोंबली की नाकाने श्वास ओढायचे पण तोंडातून हूं की चूं नाही. दुखल्यावर पुरुषाने कसं राहायचं ते मी तिथे दारात उभा राहून शिकलो.

घरातल्या आधीच्या पिढीकडे बघणं खूप कामाला येतं. परफॉर्मन्स आर्टिस्ट निखिल चोप्राने आपल्या चित्रकार आजोबांवरून 'योग राज चित्रकार' उभा केला, तो तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस लोकांसमोर कोळशाने चित्र काढतो, दाढी करतो, कपडे बदलतो, जेवतो, झोपतो.

मग नियम ठरवा, हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. तैवानमध्ये जन्मलेला परफॉर्मन्स आर्टिस्ट तेहचिंग शिए याने एप्रिल १९८० ते एप्रिल १९८१ न्यूयॉर्कमध्ये दर तासाला, रात्रीसुद्धा, कारखान्यातल्या हजेरीसारखं कार्ड पंच केलं, आणि सुरुवातीला डोकं भादरलं म्हणून वर्ष केसांत दिसत गेलं. बाबांनी आयुष्यभर कार्ड पंच केलं, त्यामुळे मला ते लगेच पोचलं. आपला नियम छोटा चालेल. माझा असा होता: ४० मिनिटं, बोलायचं नाही, आणि आरसा मी धरायचा नाही, बघणाऱ्यांनी आळीपाळीने धरायचा.

जागेसाठी ठाण्यातल्या तलावपाळीचा मोह होतो पण तिथे परवानगी लागते आणि गर्दी लगेच तमाशा करून टाकते. सोसायटीची गच्ची घ्या, सेक्रेटरीला नीट सांगा, आठ-दहा माणसं पुरेत. फोन बंद, फोटो एकानेच काढायचे. ब्लेड वापरत असाल तर नवीन घ्या, कापूस-डेटॉल हाताशी ठेवा.

जखमेचं मात्र आकर्षण नको. १९७१ मध्ये अमेरिकन आर्टिस्ट क्रिस बर्डनने मित्राला रायफलने स्वतःच्या दंडावर गोळी झाडायला लावली, ते काम इतिहासात आहे, पण सोसून दाखवणं हेच तर आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, तेच परत केलं तर शोधलं काय? उलट जिथे सोसायची सवय आहे तिथे थांबून बघा. मी तुरटी लावली आणि ठरवून, पहिल्यांदा, तोंडाने "स्स्स" केलं. समोर एक शेजारचे काका आरसा धरून होते, त्यांचा हात थरथरत होता आणि त्या हलत्या आरशामागे माझी मान फिरत होती, दोन पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे एवढा वेळ कधी बघत नाहीत हो.

संपल्यावर अर्थ समजावू नका, "कसं वाटलं" पण विचारू नका. चहा ठेवा आणि बसा. माझ्याकडे दहा मिनिटं कोणी बोललं नाही, मग काका म्हणाले त्यांच्या वडिलांचा ब्रश अजून माळ्यावर आहे, पुढच्या रविवारी घेऊन येतो.