जुन्या सांगाड्यातील पायाच्या अंगठ्याचा विकार कसा ओळखावा

पायाचा अंगठा शेजारच्या बोटांकडे कलतो आणि त्याच्या बुडाशी हाड बाहेर येते, या विकाराला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. थडग्यात अंगठा वाकडा दिसला एवढ्यावरून मात्र हे निदान करू नये, कारण मांस कुजल्यावर पायाची लहान हाडे मातीच्या दाबाने सरकतात. तरीही हाडे उचलण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, डावा-उजवा पाय वेगळ्या पिशव्यांत ठेवावा आणि माती बारीक चाळणीने चाळावी. अंगठ्याच्या सांध्याखालची दोन वाटाण्याएवढी हाडे नेमकी मातीतच हरवतात.

खरा पुरावा अंगठ्यामागच्या जाड, लांब हाडाच्या, म्हणजे पहिल्या प्रपदास्थीच्या, पुढच्या टोकावर असतो. हे टोक मऊ ब्रशने साफ करून तिरप्या प्रकाशात धरावे. सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभाग दुसऱ्या बोटाच्या बाजूस पसरला आहे का, त्याच्या उलट, पावलाच्या आतल्या बाजूस त्याची जुनी हद्द दाखवणारी उभी खाच आहे का, आणि खाली त्या दोन वाटाण्याएवढ्या हाडांच्या पन्हळींमधला कंगोरा झिजला आहे का, हे पाहावे. हयातीतल्या बदलांच्या कडा गोलसर आणि उरलेल्या हाडाच्याच रंगाच्या असतात; कुदळीचा ताजा घाव धारदार आणि फिकट दिसतो.

सांध्यालगत कोरून काढल्यासारखे, वर कड झुकलेले खड्डे असतील तर गाऊटचा, म्हणजे सांध्यात युरिक आम्लाचे स्फटिक साचण्याच्या आजाराचा, विचार करावा. प्रपदास्थी पेन्सिलीसारख्या निमुळत्या झाल्या असतील तर कुष्ठरोगाचा संशय घ्यावा, पण मग नाकाजवळची आणि टाळूची हाडेही तपासल्याशिवाय मत देऊ नये.

या निरीक्षणांतून किती निघू शकते, हे इंग्लंडमधील केंब्रिजच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. तेथील १७७ मध्ययुगीन प्रौढ सांगाड्यांपैकी १८ टक्क्यांत हॅलक्स व्हॅल्गस आढळला. ग्रामीण दफनभूमीत प्रमाण अवघे ३ टक्के, तर मठाच्या आवारात ४३ टक्के होते. अकराव्या ते तेराव्या शतकांतल्या ६ टक्क्यांवरून चौदाव्या-पंधराव्या शतकांत ते २७ टक्क्यांवर गेले, आणि टोकदार जोड्यांची फॅशनही याच काळातली. पाय धर्मोपदेशापेक्षा चांभाराचे अधिक ऐकतात, असे म्हणायला हरकत नाही.

टक्केवारी काढताना ज्यांची पहिली प्रपदास्थी तपासता आली तेवढेच सांगाडे एकूण संख्येत धरावेत. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत प्रौढांना पुरताना घोट्याखालून पावले तोडलेली आढळली आहेत. अशा सांगाड्यापुढे ‘विकार नाही’ असे न लिहिता ‘पावले उपलब्ध नाहीत’ असेच लिहावे.