मोठ्या बोअरच्या रायफलसाठी कानांचं संरक्षण कसं निवडावं

महाराष्ट्राच्या रायफल नेमबाजीतली काही मोठी यशं पॉइंट टू टू रायफलची, म्हणजे .22 इंची बारीक नळीच्या रायफलची. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये (पडून नेम धरण्याच्या प्रकारात) विश्वविजेत्या झाल्या. स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. दोघंही कोल्हापूर जिल्ह्यातले आणि दोघांच्याही हातात छोट्या बोअरची रायफल. त्या रायफलवर तयार झालेला नेमबाज 300 मीटरच्या बिग बोअरकडे, म्हणजे जाड नळीच्या, मोठ्या काडतुसाच्या रायफलकडे वळतो तेव्हा नवी रायफल, नवी दुर्बीण, नवं जाकीट घेतो. कानांवर मात्र जुनेच इअरमफ (कान झाकणारे गादीदार कप) चढवतो. तिथेच नुकसान सुरू होतं.

पॉइंट टू टू रायफलचा आवाज नेमबाजाच्या कानाशी साधारण 140 डेसिबलच्या आसपास असतो. क्षणिक स्फोटासारख्या आवाजासाठी सुरक्षिततेची मर्यादाही 140 डेसिबलच धरतात. .308 सारख्या काडतुसाचा आवाज 160 ते 170 डेसिबलपर्यंत जातो. डेसिबलच्या मोजपट्टीवर 20 ची वाढ म्हणजे हवेचा दाब दहापट. कानाच्या आतल्या शंखात ज्या सूक्ष्म केसपेशी असतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ अशी व्यंजनं. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण शब्द नीट कळत नाहीत. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा डावा कान बहुधा आधी बिघडतो, कारण तो नळीच्या तोंडाला जास्त सामोरा असतो आणि उजव्या कानाला डोक्याचा आडोसा मिळतो.

म्हणून खरेदीच्या आधी रायफल आणि जागा यांचा हिशेब करा. नळी आखूड असेल तर स्फोट कानाच्या जवळ होतो. नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक, म्हणजे वायूला वाट देणारं छिद्रांचं तोंड, असेल तर खांद्याचा धक्का कमी होतो खरा, पण तोच वायू बाजूला आणि मागे फेकला जातो आणि आवाज तुमच्याकडे, शेजारच्या नेमबाजाकडे वळतो. फायरिंग पॉइंटवर पत्र्याचं छप्पर किंवा बाजूला भिंत असेल तर आवाज परतून येतो. यातली एकही गोष्ट लागू असेल तर एकाच साधनावर विसंबू नका.

आता पाकिटावरचा आकडा. साधन किती डेसिबल आवाज कमी करतं ते तो सांगतो. अमेरिकी मालावर तो एनआरआर म्हणून लिहिलेला असतो, युरोपीय मालावर एसएनआर म्हणून. एकाच वस्तूचा एसएनआर सहसा थोडा जास्त दिसतो, त्यामुळे दोन आकड्यांची थेट तुलना करू नका. दोन्ही आकडे प्रयोगशाळेत, काळजीपूर्वक बसवलेल्या साधनावर, सलग चालणाऱ्या आवाजात मोजलेले असतात. प्रत्यक्षात किती मिळतं? कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने जुना पण उपयोगी नियम घालून दिला आहे: इअरमफच्या आकड्यातून पाव भाग वजा करा, कानात घालायच्या फोमच्या प्लगच्या आकड्यातून निम्मा. म्हणजे 32 लिहिलेला फोमचा प्लग हातात 16 देतो आणि 24 लिहिलेला मफ 18. मोठा आकडा हरला. पण तोच प्लग नीट बसवला तर 30 च्या जवळ पोचू शकतो, आणि .308 चा आवाज 166 धरला तर त्यातून 30 गेले की 136, म्हणजे मर्यादेच्या आत. हा हिशेब ढोबळ आहे, तरी त्यातून एक गोष्ट कळते: पैसे आकड्यावर नाही, बसण्यावर खर्च करावेत.

इअरमफ निवडताना सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दुकानात आरशासमोर उभं राहून मफ छानच बसतो. रायफलला गाल टेकवला की चित्र बदलतं. बटाची, म्हणजे रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची, वरची कड मफच्या कपाला खालून ढकलते, कप उचलला जातो, गादी आणि कातडी यांच्यात फट पडते, आणि नेमकी गोळी सुटते त्या क्षणी कान उघडा असतो. पडून नेम धरताना हे सर्वाधिक होतं. खालच्या बाजूला निमुळते, पातळ कप असलेले मफ रायफलवाल्यांसाठी मिळतात. त्यांचा आकडा जाडजूड मफपेक्षा कमी असतो, तरी मी तेच घ्यायला सांगेन.

तपासायची पद्धत सोपी आहे. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा. नेहमीचा चष्मा आणि टोपी घाला, मफ चढवा आणि पूर्ण पोझिशन घ्या. कुणाला तरी मागे टाळ्या वाजवायला किंवा रेडिओ लावायला सांगा. गाल टेकवताच आवाज वाढला तर तो मफ तुमच्यासाठी नाही. चष्म्याची जाड काडीही अशीच फट पाडते. पातळ, चपट्या काडीचा चष्मा घेतला तर हा त्रास बराच कमी होतो. लांब केस असतील तर ते गादीखालून काढून मागे बांधा.

फोमचे प्लग स्वस्त आहेत आणि बहुतेक जण ते चुकीचे घालतात. स्वच्छ हातांनी प्लग बारीक, सुरकुती न पडता गुंडाळा. विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या कडेला धरून वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवा. मग दोन्ही तळवे कानांवर घट्ट झाका. बाहेरचा आवाज फारसा बदलला नाही तर प्लग बसला. एकदम कमी झाला तर काढून पुन्हा घाला. कान लहान असतील तर लहान मापाचे प्लग घ्या. ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) कानाचा साचा देऊन सिलिकॉनचे प्लगही करून मिळतात; रोज सराव करणाऱ्याला ते परवडतात. कापसाचा बोळा संरक्षणात मोजूच नका.

बिग बोअरसाठी प्लग आणि त्यावर मफ, दोन्ही वापरा. दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही. जास्त संरक्षण देणाऱ्यात साधारण 5 डेसिबलची भर पडते, कारण उरलेला आवाज कवटीच्या हाडातून पोचतोच. तरीही ती भर मोलाची आहे: गाल टेकवताना मफ उचलला गेला तर आतला प्लग कान वाचवतो.

इलेक्ट्रॉनिक मफमध्ये बोलणं ऐकू येतं आणि स्फोट दाबला जातो. प्रशिक्षक आणि रेंज ऑफिसरसाठी हे उत्तम, कारण सूचना ऐकण्यासाठी मफ काढावा लागत नाही. पण आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) स्पर्धांत खेळाडूला आवाज वाढवणारे किंवा संदेश घेणारे मफ चालत नाहीत. स्पर्धा खेळायची असेल तर सरावही साध्या मफवरच करा.

परदेशात राहणारे मराठी नेमबाज सप्रेसरबद्दल, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायच्या आवाज दाबणाऱ्या नळकांड्याबद्दल, विचारतात. फिनलंड, नॉर्वेमध्ये शिकारी तो सर्रास वापरतात. अमेरिकेत 1934 च्या कायद्याने त्यावर 200 डॉलरचा कर होता. 1 जानेवारी 2026 पासून तो शून्य झाला, पण नोंदणी आणि परवानगी लागतेच आणि काही राज्यांत बंदी आहे. चांगला सप्रेसर 20 ते 30 डेसिबल कमी करतो, हे मोठं काम आहे. मात्र तो नळीच्या तोंडाचा स्फोट दाबतो. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका तसाच राहतो. सप्रेसर लावूनही आवाज 140 च्या आसपास असू शकतो, म्हणून त्यासोबतही प्लग किंवा मफ हवाच.

मफची गादी कडक झाली, चिरली किंवा दबून चपटी झाली की बदला. घामाने ती लवकर खराब होते. फोमचे प्लग मळले की फेका. बिग बोअर सुरू करण्याआधी एकदा ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) काढून ठेवा आणि दरवर्षी त्याच्याशी ताडून पाहा. 4000 हर्ट्झच्या आसपास आलेख खाली गेला असेल तर तुमचं संरक्षण कमी पडतं आहे. सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा कान बंद वाटला तर गोळीबार थांबवा, आणि दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, कारण अशा वेळी उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी श्रवणशक्ती वाचण्याची शक्यता जास्त.